कावीळ आणि दुबळे शरीर
(मंडळ्यांतील शिक्षक, उपदेशक व घरधनी यांच्याकरिता आरोग्याचा पाठ)

मिरगाचा पाऊस पडून पंधरवडा लोटला की आमच्या रत्नागिरीच्या बाजूस वाडीवाडीतून काविळीची वार्ता ऐकू येऊ लागते. कोणाचे डोळे पिवळे झाले, कोणास अन्नाचा वास सोसेना, कोणी उतरवून घेण्यास घाटीपलीकडे गेला, असे रोज कानी पडते. ह्या दुखण्याविषयी आमच्या लोकांची समजूत अशी आहे की, ते दिसावयास वाईट परंतु मुळात साधे असून पथ्य पाळले आणि जाणत्याकडून उतरवून घेतले म्हणजे तीन आठवड्यांत जाते. ही समजूत अर्धी खरी आहे. धडधाकट मनुष्यास पाण्यातून लागलेली कावीळ बहुतकरून आपोआपच बरी होते. पण समजुतीचा जो दुसरा अर्धा भाग खोटा आहे, त्याची किंमत काही थोड्या माणसांस जिवाने द्यावी लागते. आणि ती माणसे कोण, हे त्यांच्या घरच्यांस बहुधा ठाऊक नसते. त्यांच्याविषयी आज लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, कारण तीत आमचीही चूक आहे.

संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत आमच्या ओळखीचे एक वृद्ध मास्तर राहत असत. चाळीस वर्षे शाळा चालवून ते घरी बसले होते. गुडघ्यांच्या दुखण्याने त्यांस जिना चढवेना. आठवड्याच्या बाजारी एक मनुष्य संधिवाताच्या पुड्या विकावयास येई. त्याची पुडी मास्तरांनी घेतली, आणि तिसऱ्या दिवशी दुखणे कोणी हाताने काढून घ्यावे तसे नाहीसे झाले. त्यांनी ती पुडी चौदा महिने घेतली. त्या अवधीत त्यांचा चेहरा वाटोळा झाला, भूक वाढली, अंग भरले. आम्ही सर्व म्हणालो, "मास्तर, तुमची प्रकृती आता सुधारली." पुढे तो पुडीवाला बाजारी येईनासा झाला व पुडी बंद पडली. दोन महिन्यांनी मास्तरांस थकवा वाटू लागला, लघवी लाल होऊ लागली व डोळे पिवळे पडले. घरच्यांनी त्यांस नदीपलीकडे काविळीवाल्याकडे तीन वेळा नेले. मधल्या दिवसांत आम्ही भेटीस गेलो असता त्यांची सून आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, रत्नागिरीस न्यावे काय?" आणि आम्ही उत्तर दिले, "वहिनी, पावसात ह्या वयाच्या माणसाची ओढाताण कशास? कावीळच आहे, पथ्य सांभाळा." बाराव्या रात्री मास्तर उठून शाळेस जावयाचे म्हणून कपडे मागू लागले, मुलांस ओळखीनात. मग धावाधाव झाली. दवाखान्यात नेल्यावर दुसऱ्या दिवशी ते वारले.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की, ही पाण्याची कावीळ नव्हे, ही ब प्रकारची होय, आणि ती आज लागलेली नाही. हा विषाणू त्यांच्या अंगात बहुधा बालपणापासून निजून होता. मग तो सत्तराव्या वर्षीच का जागा झाला? ह्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आम्हांस पुष्कळ वाचावे व विचारावे लागले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

कावीळ हा मुळात रोग नसून रोगाची खूण आहे. उजव्या बरगड्यांखाली जे यकृत असते ते रक्तातील पिवळे पित्तद्रव्य बाहेर टाकीत असते. यकृतास सूज आली की ते द्रव्य रक्तात साचते व डोळे आणि कातडी पिवळी दिसते. ही सूज दारूने येते, काही औषधांनी येते, पित्ताशयातील खड्याने वाट अडल्यासही माणूस पिवळा होतो. पण आपल्याकडे तिचे मोठे कारण म्हणजे यकृतात घर करणारे विषाणू. ते पाच आहेत, व त्यांस इंग्रजी अक्षरांवरून ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. बी आणि सी हे रक्तातून, सुईतून, प्रसूतीच्या वेळी आईकडून मुलास, व स्त्रीपुरुषसंबंधातून जातात. डी हा बी असेल तेथेच राहू शकतो, म्हणून त्याचा वेगळा विचार येथे करीत नाही.

आता ह्या विषाणूंविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. बी विषाणू यकृताच्या पेशींस स्वतः फारशी इजा करीत नाही. तो त्यांत शिरून आपली वाढ करीत राहतो, एवढेच. इजा करते ती आपल्याच शरीराची रोगाशी झगडणारी शक्ती. ती विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून त्यांचा नाश करते, व त्या लढाईची धग म्हणजे यकृताची सूज.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हापूसच्या बागेत राखण केली असेल. राखणदार जागा असला म्हणजे वानरांची टोळी रानाच्या कडेस बसून राहते. ती निघून गेलेली नसते, पण बागेत उतरत नाही. समजा, त्या राखणदारास कोणी गुंगीचे औषध पाजले. वानरे बागेत उतरतात, झाडाझाडावर पसरतात, आणि बाहेरच्यास काहीच गडबड ऐकू येत नाही, कारण ओरडणारा निजलेला आहे. मग गुंगी उतरून राखणदार उठतो, सारी बाग वानरांनी भरलेली पाहतो, आणि दिसेल त्या फांदीवर दगड व काठ्या चालवितो. वानरे पळतात खरी, पण त्या दणक्याने मोहोर, फळ व डहाळ्या सर्व खाली येते. मास्तरांच्या शरीरात हेच घडले. त्या पुडीत स्टेरॉइड नावाचे प्रबळ औषध मिसळलेले असावे असे डॉक्टरांचे मत पडले. वाटोळा चेहरा व वाढलेली भूक ही त्याचीच खूण होती. चौदा महिने राखणदार गुंगीत होता. पुडी बंद झाल्यावर तो जागा झाला.

स्टेरॉइडास आम्ही दोष देत नाही. दम्याच्या, मूत्रपिंडाच्या व कुष्ठरोगाच्या उठावण्याच्या रोग्यांचे प्राण त्याने वाचतात, व जाणता डॉक्टर ते मोजून देतो आणि मोजून कमी करतो. नाव नसलेल्या पुडीत किती आहे हे मात्र विकणाऱ्यासही माहीत नसते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसास 10 ते 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असे चार आठवडे वा अधिक काळ द्यावयाचे असल्यास आधी बी विषाणूसाठी रक्त पाहावे, असे आता वैद्यकात मानले जाते. आणखी एक इशारा येथेच देऊन ठेवतो. हे वाचून कोणी बरेच महिने घेतलेली पुडी किंवा गोळी एकाएकी फेकून देऊ नये. तसे केल्याने निराळाच प्राणघातक अशक्तपणा येतो. ती पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे व ती कशी सोडावयाची हे त्यांस ठरवू द्यावे.

शास्त्राच्या इतिहासात ह्या विषयाची सुरुवातच दुबळ्या शरीरांपासून झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेतील डॉक्टर बारूक ब्लंबर्ग यांस 1960 नंतरच्या काही वर्षांत, वारंवार रक्त दिल्या गेलेल्या रोग्याच्या रक्तरसाशी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी मनुष्याच्या रक्तातील द्रव्याचा संयोग होतो असे आढळले. त्या द्रव्यास ऑस्ट्रेलिया अँटिजेन हे नाव पडले, आणि आमच्याकडील कित्येक प्रयोगशाळांत अजूनही ते नाव तोंडी आहे. निरोगी अमेरिकन माणसांत ते क्वचितच सापडे, पण रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांत अधिक सापडे. ज्यांच्या शरीराची झगडण्याची शक्ती कमी, त्यांच्यात तो पाहुणा मुक्काम ठोकून राही. तो पाहुणा म्हणजे बी विषाणूच, हे पुढे उघड झाले, व ब्लंबर्ग यांस 1976 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस 28 जुलै हा जगभर यकृतदाहाविषयी माहिती देण्याचा दिवस म्हणून पाळतात. आमच्या सरकारनेही राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 साली त्याच दिवशी सुरू केला.

तर मग दुबळे शरीर कोणाचे समजावे? अशक्त दिसणारा तो दुबळा, असा ह्याचा अर्थ नाही. मास्तर तर अंगाने भरले होते. कर्करोगावर ज्यांस औषधे टोचली जात आहेत ते, ज्यांस दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले आहे व ते टिकावे म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात ते, ज्यांचे रक्त आठवड्यातून दोनतीनदा यंत्राने शुद्ध करावे लागते ते, एच.आय.व्ही. बाधित, सांध्यांच्या वा कातडीच्या हट्टी रोगांवर प्रबळ औषधे घेणारे, आणि ज्यांचे यकृत दारूने वा अन्य कारणाने आधीच झिजले आहे ते, ह्या सर्वांची गणना त्यांत होते. तान्हे मूलही ह्यात धरले पाहिजे, कारण त्याचा राखणदार अजून शिकाऊ असतो. जन्मतः बी विषाणू लागलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे नव्वदांच्या अंगात तो कायमचा राहतो. तोच धडधाकट प्रौढास लागला तर शंभरांत पाचांहून कमी जणांत राहतो. मास्तरांची गोष्ट येथे उलगडते.

हिंदुस्थानात बी विषाणू अंगात बाळगणारी माणसे सुमारे 3 कोटी असावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. म्हणजे शंभर माणसांच्या वाडीत दोघे तरी असण्याचा संभव आहे, आणि त्यांतील बहुतेकांस त्याची वार्ता नाही. ते शेत नांगरतात, मासळी विकतात, मुंबईस गिरणगावच्या जुन्या खोलीत राहून नोकरी करतात. त्यांस काही होत नाही. एखाद्या दिवशी त्यांपैकी एकास गाठ येते, तो मुंबईस परळला टाटा रुग्णालयात जातो. आमच्या कोकणातील किती कुटुंबांनी त्या इस्पितळाच्या आसपासच्या पदपथांवर रात्री काढल्या आहेत, हे आम्ही सांगावयास नको. अशा प्रत्येक रोग्याने व त्याच्या सोबत्याने एक प्रश्न तोंडपाठ करून न्यावा: "औषध सुरू करण्यापूर्वी काविळीच्या बी विषाणूची तपासणी झाली काय?" मोठ्या इस्पितळात ती बहुधा झालेली असते. लहान ठिकाणी घाईत राहून जाऊ शकते.

ही तपासणी दोन प्रकारची आहे व दोन्ही कराव्या लागतात. पहिली एच.बी.एस.एजी. नावाची, ती विषाणू आज अंगात उघड आहे की नाही हे सांगते. दुसरी अँटी-एच.बी.सी. नावाची, ती पूर्वी कधी येऊन गेला काय हे सांगते. पहिली नकारार्थी आली म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण येऊन गेलेला विषाणू यकृताच्या पेशींच्या गाभ्यात आपले बी ठेवून जातो. रिटुक्सिमॅब नावाचे जे औषध रसग्रंथींच्या कर्करोगावर व काही सांधेदुखीवरही देतात, त्याने असे पुरलेले बीसुद्धा उगवते. उगवण्याचा काळही फसवा आहे. औषध चालू असता काही दिसत नाही, आणि उपचार संपून रोगी घरी आला, पेढे वाटून झाले, त्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षानंतरही, डोळे पिवळे होतात. तेव्हा घरचे म्हणतात, ही नवी कावीळ आली. ती नवी नसते.

समाधानाची गोष्ट ही की, हे सर्व टाळता येते. एन्टेकाविर किंवा टेनोफोविर ह्या गोळ्यांपैकी एक, प्रबळ उपचार सुरू होण्याआधी चालू केली व उपचार संपल्यावरही निदान काही महिने, रिटुक्सिमॅब दिले असल्यास वर्षाहून अधिक, चालू ठेवली, तर विषाणू दबून राहतो. रोज एक गोळी, एवढेच. सरकारी कार्यक्रमाच्या केंद्रांत ती मोफत मिळते. परंतु आमच्या लोकांची सवय अशी की, बरे वाटले म्हणजे गोळी बंद. ह्या गोळीच्या बाबतीत ती सवय घातक आहे. ती मध्येच सोडल्यास विषाणू एकदम उसळतो. एच.आय.व्ही.वरील नेहमीच्या औषधात टेनोफोविर व लॅमिव्हुडिन ही असतात व ती दोन्ही विषाणूंस आवरतात. म्हणून त्या रोग्याने औषध टाकले तर त्याच्यावर दोन बाजूंनी संकट येते. सी विषाणूचे तसे नाही. त्यावर लस नाही, पण बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांत नव्वदांहून अधिक रोगी पूर्ण मुक्त होतात. मात्र सीचे औषध घेताना दडलेला बी डोके वर काढू शकतो, म्हणून तेथेही बीची तपासणी आधी झाली पाहिजे.

आता पाण्याकडे वळू. ई विषाणूची ओळख जगास आपल्याच देशातील एका साथीने करून दिली, असे म्हटल्यास चूक होणार नाही. 1955 च्या नोव्हेंबरात दिल्लीस यमुनेच्या पाण्यात नाल्याचा मैला मिसळून तो पाणी घेण्याच्या ठिकाणी शिरला. अधिकाऱ्यांनी औषधाचे प्रमाण वाढविले, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही; पण डिसेंबरात व 1956 च्या जानेवारीत काविळीने सुमारे 29,000 माणसे पिवळी पडली. तेव्हा सर्वांस वाटले की हा ए विषाणू. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी जपून ठेवलेले रक्तरस तपासले, तेव्हा तो एही नव्हे व बीही नव्हे असे दिसून आले. मग 1983 साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रोग्यांच्या मैल्यापासून केलेला अर्क स्वतः पिऊन, स्वतः आजारी पडून, तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. (अशा धैर्याची शिफारस आम्ही कोणास करीत नाही.) आपल्या महाराष्ट्रात 2012 साली इचलकरंजीस पाण्यातून ईची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले व काही दगावले.

ह्या साथींत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. ई विषाणूने सामान्यतः शंभरांत एखादाच दगावतो. पण गरोदर स्त्रीस शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास शंभरांत वीसपंचवीसपर्यंत मरण पावतात. गर्भास शरीराने परके मानून टाकून देऊ नये म्हणून त्या काळात आईच्या अंगातील राखणीची रीतच बदललेली असते. एवढ्यावरून सर्व उलगडा होतो असे नाही, परंतु धोका खरा आहे. ज्याचे यकृत आधीच झिजले आहे त्यासही ई विषाणू थोड्या दिवसांत खाली आणतो. मूत्रपिंड बसविलेल्या काही रोग्यांत ई कायमचा राहू शकतो, हे 2008 साली फ्रान्समधील डॉक्टरांनी दाखवून दिले. ती उदाहरणे बहुतेक विषाणूच्या तिसऱ्या जातीची असून ती अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून येते. आपल्याकडे पाण्यातून येणारी पहिली जात असे ठाण क्वचितच मांडते. तरी अशा रोग्यांत आणखी एक अडचण आहे. त्यांचे शरीर विषाणूविरुद्ध द्रव्य नीट तयार करीत नाही, म्हणून नेहमीची तपासणी नकारार्थी येऊ शकते व विषाणूचीच थेट तपासणी करावी लागते. डोळेही फारसे पिवळे होत नाहीत. थकवा व अन्नावरून उडालेली वासना एवढेच दिसते.

आमचा जिल्हा जांभ्या दगडाचा. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे कोसळतो, आणि चैत्र-वैशाखात आम्ही हंडाभर पाण्यासाठी रांग लावतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यातून झिरपून जाते. व जसे पाणी झिरपते तसा शौचखड्ड्यातील मैलाही झिरपतो. उतारावर वरच्या अंगास शौचखड्डा व खालच्या अंगास विहीर, अशी किती घरे आम्ही पाहिली आहेत! पहिल्या सरींबरोबर विहीर गढूळ होते, तेव्हा लोक म्हणतात, "नवे पाणी आले." ह्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने टी.सी.एल. पूड वेळेवर टाकली की नाही, हे विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. पण ज्या घरात वर सांगितलेल्यांपैकी कोणी आहे, किंवा गरोदर सून आहे, त्या घराने पुडीवर विसंबू नये. पाणी खळखळून उकळावे, उकळी आल्यावर थोडा वेळ तसेच ठेवावे, व ओगराळ्याने घ्यावे. उसाचा रस काविळीस चांगला म्हणून बाजारातून बर्फ घातलेला रस आणून देतात. त्या बर्फाचे पाणी कोठले, हे कोणी विचारीत नाही. हळद पिवळी म्हणून ती वर्ज्य करणे व दुबळ्या रोग्यास वीस दिवस नुसत्या पेजेवर ठेवणे, ह्यांतही काही अर्थ नाही. दारू मात्र सर्वस्वी बंद पाहिजे, आणि तापाची साधी गोळीसुद्धा विचारल्यावाचून देऊ नये.

रक्ताची वाट दुसरी. शेजारच्या गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात मोडासा येथे 2009 च्या आरंभी बी विषाणूची जी साथ आली व जीत अनेक माणसे मेली, तिचे मूळ एकदा वापरलेल्या सुया पुन्हा वापरण्यात सापडले. बी विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून सुई टोचून घेताना पाकीट आपल्यासमोर फोडावयास लावावे. न्हाव्याकडे नवे पाते मागावे. जत्रेत गोंदून घेऊ नये.

काविळीवाल्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. चुन्याच्या पाण्यात हात चोळले की पाणी पिवळे होते व लोक म्हणतात कावीळ उतरली. ज्याच्या अंगात काडीची कावीळ नाही त्याचेही हात त्या झाडपाल्याचा रस लावून चुन्यात चोळले तर पाणी तसेच पिवळे होते. कोणीही करून पाहावे. डोक्यावर घातलेली माळ वाढत वाढत खाली उतरते, ती देठ सुकून गाठी सैल झाल्यामुळे. काविळीवाला मनाने लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याचे शंभर रोगी बरे होतात हे तो स्वतः पाहतो, आणि ते त्याच्यावाचूनही बरे झाले असते हे पाहण्याची त्यास संधीच मिळत नाही. ज्या एकास दुबळेपणामुळे धोका आहे, तो त्याच्या दारी आठपंधरा दिवस गमावतो. नाकात रस पिळणे व दंडावर डाग देणे हे प्रकार तर नुसते निरुपयोगी नसून जखम व जंतू देणारे आहेत. रोगी असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येऊ लागले, उलट्या थांबेनात, तर त्याच घटकेस गाडी पाहावी. दुबळ्या शरीराच्या माणसाने तर ह्या खुणांची वाटही पाहू नये. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी निघावे. पाऊस असला तरी निघावे. आम्ही त्या सुनेस हेच सांगावयास पाहिजे होते.

मास्तरांच्या मृत्यूनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरातील सर्वांचे रक्त तपासले. पत्नीच्या अंगात विषाणू नव्हता. थोरल्या मुलातही नव्हता. धाकट्या मुलात निघाला. त्यास काही त्रास नव्हता. परंतु बातमी गावात पसरली, आणि एका मंडळीत, जिचे नाव आम्ही देत नाही, प्रभुभोजनाच्या दिवशी त्याच्या शेजारची माणसे उठून दुसऱ्या बाकावर गेली. प्याला त्याच्यापाशी आला तेव्हा त्याने तो हातात न घेता पुढे दिला. हे आम्ही वेदीपाशी उभे राहून पाहिले. बी विषाणू एका ताटातून, एका प्याल्यातून, खोकल्यातून, हात हातात घेतल्याने किंवा मिठी मारल्याने लागत नाही. अंगावर पाजल्यानेही आईकडून मुलास लागत नाही. पुढच्या वेळी आम्ही मंडळीस हे समजावून सांगितले, प्याला प्रथम त्याच्या हाती दिला, व त्याच्यानंतर आम्ही घेतला. दोघे तरीही त्या दिवशी आले नाहीत. त्याचा वस्तरा व दात घासण्याचा ब्रश निराळा असावा आणि त्याच्या पत्नीने लस घ्यावी, एवढीच खबरदारी पुरे होती.

लशीविषयी थोडके लिहितो. बीची लस सरकारी लसीकरणात 2002 नंतर काही ठिकाणी व 2011 पासून देशभर आली. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत एक मात्रा, व नंतर सहा, दहा व चौदा आठवड्यांस इतर लशींबरोबर. दुबळ्या शरीरात मात्र लस पूर्ण रुजत नाही. रक्तशुद्धीच्या यंत्रावर असलेल्यास दुप्पट मात्रा चारदा द्यावी लागते व नंतर रक्त पाहून ती लागू झाली की नाही हे ठरवावे लागते. म्हणून मूत्रपिंड बिघडत चालले असे कळताच, यंत्राची वेळ येण्यापूर्वीच ती घ्यावी. एच्या दोन लशी बाजारात मिळतात, एक मृत व एक जिवंत. दुबळ्या शरीरास जिवंत लस देऊ नये, हे देणाऱ्यास आठवण करून द्यावी.

मास्तरांचा धाकटा मुलगा दर सहा महिन्यांनी रत्नागिरीस जाऊन रक्त व पोटाची तपासणी करून घेतो. आजवर त्यास गोळीची गरज पडलेली नाही. गेल्या श्रावणात त्याच्या घरी कन्या जन्मली. प्रसूती सरकारी रुग्णालयात झाली, आणि आम्ही तिसऱ्या दिवशी भेटीस गेलो तेव्हा आजीने मुलीआधी तिचे लसीचे कार्ड आमच्या हाती दिले. पहिल्या ओळीत जन्माची तारीख होती, आणि तिच्याखाली परिचारिकेच्या हाताने लिहिलेली लशीची तारीख तीच होती.